लांबचे फोन

आईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय, हे आम्हाला आधी तिच्या कांड्यांवरून कळलं. इचलकरंजीत माझे वडील दुसऱ्याच्या शेडमध्ये माग चालवतात आणि आई त्याच शेडच्या दाराशी बसून कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. आईची कांडी अशी असायची की शेवटच्या वितीपर्यंत सूत कुठं अडायचं नाही. मग हळूहळू तिच्या कांड्या मध्येच अडकायला लागल्या. गाठी मारलेल्या असायच्या, पण भलत्याच जागी. वडील बरेच दिवस नुसत्या त्या गाठी सोडवत राहिले. एकदा जेवताना म्हणाले, "डोळं दाखवून आणू या."

"डोळ्याला काय झालंय? शेडात उजेड कमी हाय," आई म्हणाली.

"उजेड पैल्यापासनं तेवढाच हाय."

मी तेव्हा घरीच होते. इंजिनियरिंगच्या शेवटच्या सहामाहीची इंटर्नशिप बेंगळुरूला मिळाली होती आणि निघायची तयारी चालली होती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे इंटर्नशिप म्हणजे काय हे मलाही घरी नीट सांगता आलं नव्हतं. निघायच्या दिवशी दोघं मला बसवर सोडायला आले. बस सुटताना आई हात हलवत होती, पण माझ्या मागच्या खिडकीकडं बघून. त्या खिडकीत बसलेल्या बाईंनी दोन क्षण इकडंतिकडं पाहिलं आणि मग बिचाऱ्यांनी उलट हात हलवला. मी रडत होते. आईला ते दिसत नव्हतं, म्हणून मला मोकळेपणानं रडता आलं. वडिलांना दिसत असणार, पण ते बसच्या चाकाकडं बघत राहिले.

आमचं ऑफिस बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, एका इडली-वड्याच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आहे. सकाळी जिन्यात सांबाराचा वास असतो आणि दुपारपर्यंत तो आपल्या कपड्यांना लागतो. कंपनी लहान आहे. छोट्या गावांतल्या दवाखान्यांसाठी एक वेबसाईट चालवते. पेशंटनं पहाटे जाऊन पायरीवर बसण्याऐवजी फोनवरून नंबर लावायचा, एवढंच तिचं काम. नाव टाका, मोबाईल नंबर टाका, वेळ निवडा, आणि खालचं ‘नंबर लावा’ हे बटण दाबा.

ते बटण सगळ्या फोनवर दाबलं जातं की नाही, हे बघायची व्यवस्था उभी करणं हे माझं काम होतं. आता सगळ्या प्रकारचे फोन आम्ही कुठून आणणार? म्हणून ते भाड्यानं मिळतात. कुठल्याशा शहरात, कुठल्याशा इमारतीत, फळ्यांवर खरेखुरे फोन मांडून ठेवलेले असतात. आपण इथून एक मागायचा, की त्याचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर दिसायला लागतो. माउसनं जिथं दाबू तिथं तिकडचा फोन दाबला जातो. आणि आपल्याला दाबत बसायला नको म्हणून प्रोग्रॅम लिहायचा. तो प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक फोनवर ब्राउझर उघडतो, नाव टाकतो, नंबर टाकतो, बटण दाबतो. झालं तर हिरवी खूण, नाही झालं तर लाल.

आई शेडमध्ये सगळ्यांना सांगायची, "पोरगी फोन तपासती." यावर शेजारच्या काकूंनी एकदा त्यांचा बंद पडलेला फोन घरी आणून दिला. मी आल्यावर दुरुस्त करीन म्हणून तो अजून आमच्या फडताळात आहे.

पहिले काही आठवडे मला काहीच जमत नव्हतं. लांबचा फोन जोडला जायचा आणि मध्येच सुटायचा. कधी तो फोनच स्वतःहून विचारायचा, नवी आवृत्ती घेऊ का, आणि माझा प्रोग्रॅम त्या प्रश्नासमोर गोंधळून उभा राहायचा. कुणाला विचारायचं म्हटलं तर माझा प्रश्न फारच साधा असेल असं वाटायचं. मी तो मनातल्या मनात इंग्रजीत जुळवत बसायचे, आणि जुळेपर्यंत समोरचा माणूस जेवायला गेलेला असायचा.

आमच्या टीमची प्रमुख बाई आहे, तिनं हे ओळखलं. पहिल्यांदा मी तिला मॅडम म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम नको गं. अक्का म्हण." मी दचकलेच, कारण ती मराठीत बोलली होती. तिचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूचंच. कुणा राजाच्या फौजेबरोबर पूर्वज इकडं आले आणि इथलेच झाले, एवढंच तिला माहीत. रोज के. आर. पुरमहून येते, आणि रस्त्यात अडकलेली असली की फोनवर स्वतःच्या आईशी ज्या मराठीत भांडते ती ऐकायला मी कान टवकारते.

"स्वल्प थांब, घाई करू नको," ती मला शिकवताना म्हणायची. "फोन लांब आहे, त्याला स्वल्प वेळ दे. तू विचारलंस आणि त्यानं लगेच सांगितलं असं होत नाही. सरी?"

"सरी," मी म्हणायचे. मला या कानडी ‘ठीक आहे’ची सवयच लागली. घरी फोनवर वडिलांना एकदा ‘सरी’ म्हटलं तर त्यांना वाटलं मी इंग्रजीत माफी मागतेय. "सॉरी कशाला? काय केलंस?"

अक्काच्या शेजारी नागपूरचा एक मुलगा बसतो. वेबसाईटची पानं तो बनवतो. त्याचं पान माझ्या तपासणीत लाल आलं की तो खुर्ची मागं ढकलून म्हणतो, "अगं, तो फोनच स्लो आहे ना. पुन्हा चालव, होऊन जाते." आणि बऱ्याचदा खरंच होतं. पुन्हा चालवलं की हिरवं येतं. आमच्याकडं ही रीतच पडून गेली होती. लाल आलं की आधी पुन्हा चालवायचं, विचार नंतर.

ज्या दिवशी पहिल्यांदा सगळे फोन एका वेळी चालले, त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण आली. ते मागांच्या रांगेतून चालत असतात, सगळीकडं आवाज, आणि कुठला तरी माग थांबला की मान वळायच्या आधी त्यांचे पाय वळतात. मी तर खुर्चीत बसून होते. आवाजही नव्हता. तरी वाटलं, हे त्यांना दाखवता आलं असतं तर.

त्या भाड्याच्या फोनांमध्ये एक लहान पडद्याचा जुना फोन होता. बरोबर वडिलांकडं आहे तोच. यादीत त्याचं मॉडेल दिसलं तेव्हा मी उगाचच इकडंतिकडं पाहिलं, जणू कुणीतरी आमच्या घरचं माणूस ऑफिसात आलंय. जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी तोच मागून घ्यायचे. काम काहीच नसायचं. फोटोंची खूण दाबायचे, आत काही नसायचं. वडिलांच्या फोनमध्ये त्या जागी गल्लीतला गणपती आहे, मागाच्या तुटलेल्या पट्ट्याचे फोटो आहेत, मी कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून उभी आहे, आणि आईचा एक हललेला फोटो आहे. या फोनवर आपण परत दिला की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या माणसाला तो कोरा मिळतो. एकदा मी त्यात लिहून ठेवलं, ‘आई, जेवलीस का?’ दुसऱ्या दिवशी अर्थातच नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी बघितलं.

मग आईच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. बुधवारी सकाळी ऑपरेशन, गुरुवारी सकाळी पट्टी सोडणार. फोनवर आईनं तिची एकच अट सांगितली.

"पट्टी सोडताना तू म्होरं पायजेस."

"आई, बाबा आहेत की."

"त्यांचं तोंड मला पाठ हाय. तुझं तोंड किती दिस झालं धुरातनं बघितल्यागत दिसतंय. पैलं तुला बघायचं, मग बाकीचं."

मी येते म्हटलं. ‘नक्की’ असंही म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याच गुरुवारी सकाळी आमची वेबसाईट नव्या दवाखान्यांमध्ये सुरू व्हायची होती. सगळे एकदम.

अक्काला सांगायला मी दोन दिवस घेतले. सांगितलं तेव्हा ती चिडली, पण वेगळ्याच कारणानं. "एवढं आधी सांगायचं ना गं! बुधवारी दुपारपर्यंत सगळे फोन हिरवे कर, संध्याकाळची बस पकड. सकाळी पोचतेस. आई मोठी की दवाखाने?"

बुधवारी मी बॅग घेऊनच ऑफिसला आले आणि ती टेबलाखाली ठेवली. वडिलांसाठी इथल्या कॉफीची पूड घेतली होती. ते चहाशिवाय काही पीत नाहीत, पण इथलं काहीतरी न्यावं असं वाटलं. अकराच्या सुमारास वडिलांचा फोन आला, ऑपरेशन नीट झालं, आई झोपलीये. मागं दवाखान्याचा पंखा वाजत होता.

त्यानंतर मी तपासणी लावली. एकेक फोन हिरवा होत गेला. शेवटी एकच राहिला. तो लहान पडद्याचा. लाल.

"पुन्हा चालव," नागपूरचा मुलगा मान न उचलता म्हणाला.

चालवलं. लाल. आणखी एकदा. लाल.

"काय म्हणून राहिला तो?"

"म्हणतोय की बटण दाबता येत नाहीये. त्याच्यावर दुसरं काहीतरी आहे."

"काही नसते. थांब, मी सांगतो." त्यानं येऊन माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलून दाखवली. साधारणपणे प्रोग्रॅम माणसासारखा पडद्यावर बोट ठेवतो. या ओळीनं तो बोट ठेवतच नाही, थेट आतून बटणाला सांगतो, तू दाबलं गेलंस असं समज. "सगळेच लिहितात हे. आता चालव."

हिरवं आलं.

"सरी?" लांबून अक्कानं अंगठा वर करून विचारलं.

"सरी," मी म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं की पाय आपोआप टेबलाखालच्या बॅगेला लागला. ती आहे ना, बघायला.

बसला अजून वेळ होता. खाली जाऊन दोन इडल्या खाल्ल्या आणि परत येऊन सवयीनं तो लहान फोन मागून घेतला. मला वाटतं, वडील आत्ता दवाखान्याच्या बाकावर असाच फोन खिशात घालून बसले असतील, हेच मनात होतं. म्हणून मी आमचंच पान उघडलं आणि त्यांनी भरलं असतं तसं भरायला लागले. एकेक अक्षर. नाव. मग मोबाईल नंबर. नंबर लिहायला घेतल्यावर खालून कीबोर्ड वर आला, आणि त्याच्याबरोबर पानाच्या तळाशी असलेला ‘मदतीसाठी फोन करा’ हा निळा पट्टाही वर सरकला. पडदा लहान, त्यामुळे तो सरकून नेमका ‘नंबर लावा’वर येऊन बसला. पान आणखी वर जाईना. मी बटणावर कुठंही दाबलं तरी तो पट्टाच दाबला जात होता.

मोठ्या फोनवर जागा होती म्हणून तिथं काही बिघडत नव्हतं. लहान फोननं मला मघाशी तीनदा हेच सांगितलं होतं.

तरी मला वाटलं, हा लांबचा फोन आहे, याचं काही वेगळं असेल. मी वडिलांना लिंक पाठवली आणि फोन केला.

"आता? हितं?" ते कुजबुजत म्हणाले. "आई झोपलीया."

"दोन मिनिटं, बाबा. नाव टाका फक्त. फोन स्पीकरवर ठेवा आणि पान उघडा."

त्यांनी टाकलं. प्रत्येक अक्षर ते मोठ्यानं म्हणत होते, अगदी हळू आवाजात मोठ्यानं. "नंबर टाकला. आता?"

"खाली ‘नंबर लावा’ दिसतंय का?"

"निळं हाय काय तरी. दाबू?"

"नको नको, ते..."

त्यांनी दाबलंच. माझा फोन कट झाला आणि अक्काच्या टेबलावरचा फोन वाजला. मदतीचा नंबर अजून तिच्याच फोनला जोडलेला होता.

"हॅलो?" अक्का म्हणाली. मग तिनं भुवया उंचावल्या आणि मराठीत सुरुवात केली. "हां, बोला. नंबर? कुठल्या दवाखान्याचा?... मुलीनं दाबायला सांगितलं?... तुमची मुलगी कोण?" ती हळूहळू माझ्याकडं वळली. "अच्छा. तुमची मुलगी. हो, समोरच आहे. आता कशी आहे आई?... छान, छान. नाही हो, त्रास कसला."

फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. "तुझे बाबा म्हणतात, पोरगी निघाली न्हवं? मी म्हटलं, निघतेय." मग तिनं माझ्या पडद्याकडं बघितलं. निळा पट्टा तसाच बटणावर बसलेला होता. तिनं स्वतः माउस घेऊन दोनतीनदा दाबून बघितलं.

"तर हा हिरवा झाला कसा?"

नागपूरच्या मुलानं खुर्ची मागं ढकलली. "माझी ओळ होती ती," तो म्हणाला. "मीच सांगितलं तिला." आणि थोड्या वेळानं, पानाकडं बघत, "काऊन नाही दिसलं मला हे?"

पुढं काय करायचं यात फार बोलणं झालं नाही. तो पट्टा काढून पानाच्या वरच्या बाजूला न्यायचा. त्यामुळे सगळीच पानं थोडी हलणार, म्हणजे सगळ्या फोनवर पुन्हा तपासायचं. ती ओळही काढून टाकायची. संध्याकाळी भाड्याच्या फोनांना गर्दी असते. एकेक फोन मिळायला थांबावं लागतं, आणि मध्येच सुटला की पुन्हा जोडावा लागतो. ते जोडणं मी उभं केलं होतं. दुसरं कुणी करू शकलं नसतं असं नाही, पण त्यांना वेळ लागला असता.

"तू जा," अक्का म्हणाली. "आम्ही बघतो. बस चुकेल."

"हो," मी म्हटलं.

आणि मी बसून राहिले. मी का थांबले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. उद्या सकाळी वडिलांसारखी माणसं निळा पट्टा दाबत बसतील, हे खरं होतं. मला कंपनीत कायम व्हायचं होतं, हेही खरं होतं. आणि आणखी एक, जे मला नंतर सुचलं: आमच्या घरात कुणीही अडकलेला माग तसाच सोडून जेवायला गेलेलं मी पाहिलेलं नाही. पण हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेन. अक्का दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्यासमोर कॉफीचा ग्लास ठेवला.

बसची वेळ व्हायच्या आधी मी वडिलांना फोन केला. उद्या सकाळी येणं जमत नाही म्हटलं. मागून आईचा झोपेतला आवाज आला.

"काय म्हणती?"

"येणं जमत न्हाई म्हणती."

खाट करकरली, आई कुशीवर वळली असावी.

"जेवली का इचार," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे लवकर आलो होतो. सगळे फोन हिरवे होते, लहानसुद्धा, आणि आता तो खरोखर बोट ठेवून हिरवा होता. दवाखाने एकेक करून सुरू होत होते. त्यातच वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मी उठून जिन्यात गेले. खालून सांबाराचा वास येत होता.

वडिलांनी फोन धरला होता, पण कसा धरायचा हे त्यांना कळत नव्हतं. आधी छत दिसलं, मग भिंतीवरचा लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मग कुणाची तरी पांढरी बाही, आणि मग आई. एका बाजूनं. कान, कानातली कुडी, तेल लावून बसवलेले केस. सिस्टरनं पट्टी सोडली. कापूस काढला. "हळू उघडा," ती म्हणाली.

आईनं डोळा उघडला असावा. मला तिच्या गालाची एक कडाच दिसत होती. ती वर हलली.

"हे बघ, ही बघ," वडील फोन तिच्या तोंडासमोर नेत म्हणाले. "बघ, आलीया."

एक क्षण आईचा चेहरा समोर आला. डोळा लाल आणि ओला. ती फोनकडं बघणार तेवढ्यात तिनं मान वळवली.

"फोन नका धरू मधी."

"अगं, ती हाय. बघ तरी."

"फोनमधलं बघणं मी धरत न्हाई. ती आल्यावर बघणार."

"आई," मी म्हटलं.

"ऐकू येतंय की," आई भिंतीकडं बघत म्हणाली. "बोल. बघायचं तेवढं राहू दे."

मी काय बोलले आठवत नाही. एवढं आठवतं की माझा अंगठा पडद्यावर तिच्या कानाजवळ होता. गेले कित्येक महिने मी कुठल्याही लांबच्या फोनवर कुठंही दाबू शकत होते. पान सरकवू शकत होते, फोन आडवा करू शकत होते, उभा करू शकत होते. हा एक फोन मला जरा उजवीकडं वळवायचा होता. नाही वळवता आला. वडिलांनी तो खाली घेतला, आणि मला त्यांच्या चपला दिसल्या, आणि मग कॉल संपला.

अक्कानं मला शुक्रवारी लवकर सोडलं. तिनं डब्यातून आईसाठी चिरोटे दिले. "सांग, बेंगळुरूची मराठी बाई पण चिरोटे करते," ती म्हणाली. सिल्क बोर्डच्या चौकात ऑटो तासभर अडकला, तरी बस मिळाली.

शनिवारी सकाळी मी गल्लीत शिरले तेव्हा आई काळा चष्मा लावून उंबऱ्यावर बसलेली होती. मला वाटलं होतं ती रागावली असेल. ती उठली, मला हाताला धरून दाराच्या आत, पण उजेडाकडं तोंड करून उभं केलं, आणि चष्मा काढला.

"डॉक्टरनं काढू नको म्हटलंय," वडील आतून म्हणाले.

"गप बसा."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड डावीकडं केलं, मग उजवीकडं. शेडमध्ये ती सुताचा पेड उजेडावर धरून बघते तशी, अगदी जवळून. तिच्या नव्या डोळ्यात मला दाराचा चौकोन दिसत होता.

"तुझ्या भुवया बापागत हायत," ती शेवटी म्हणाली. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, माझ्यागत हायत म्हणून."

"आणि माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात म्हणून दोन दिस भांडतीया," वडील म्हणाले. "जशी काय मी लपवून ठेवल्या व्हत्या."

आम्ही तिघं हसलो. चिरोटे खाल्ले. वडिलांनी कॉफी करून बघितली आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं करून म्हणाले, "चांगली हाय." ते दोन दिवस आई घरातली प्रत्येक वस्तू उचलून बघत होती. कपबशीवरचं फूल, माझ्या ओढणीची कडा, भिंतीवरचे डाग. डागांबद्दल वडिलांना बोलणी बसली. पण मध्येच काम सोडून ती माझ्याकडं बघायची, आणि मी बघितलं की दुसरीकडं बघायची. गुरुवारबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. मी काढायला गेले तर म्हणाली, "झालं की आता. बघितलं."

पण तिनं त्या सकाळी सगळ्यात आधी त्या तक्त्यावरची अक्षरं बघितली, मला नाही. ती तिला वाचताही येत नाहीत. हे माझ्या मनात राहिलंय. अजून राहिलंय.

रविवारी संध्याकाळी दोघं मला बसवर सोडायला आले. यावेळी आईनंच लांबून बस ओळखली. मी आत जाऊन खिडकीशी बसले. दिवस मावळायला आला होता आणि बसच्या काचांवर उजेड होता. मला वाटलं, आतलं बाहेरून दिसत नसेल. मला आधीच्या वेळची, तिला न दिसता रडायची सवय होती. बसनं घरघर केली आणि मी तोंड फिरवलंच नाही, लपवलंच नाही, होतं तसंच राहू दिलं.

आईनं मला शोधलं नाही. तिची नजर सरळ माझ्याच खिडकीवर आली आणि तिथंच थांबली. तिनं हात वर केला. मला वाटलं, हलवणार. तिनं तो स्वतःच्या गालावरून फिरवला, एकदा, मग दुसऱ्या गालावरून, आणि माझ्याकडं बघत मान हलवली.

मी गाल पुसले. ती वळणापर्यंत बघत होती.